कोणालाच ठाऊक नसलेला आपला बँड



घरातील वयोवृद्ध व्यक्तीसाठी गाणे कोण निवडते, याचा विचार आपण क्वचितच करतो. औषध डॉक्टर ठरवतात, पथ्यपाणी सूनबाई किंवा लेक सांभाळते. गाणे मात्र जणू आपोआपच ठरलेले असते. सकाळी भूपाळी, दुपारी एखादे कीर्तन, दिवेलागणीला हरिपाठ. यात गैर काहीच नाही. ज्यांनी आयुष्यभर वारी केली, भजनी मंडळात टाळ धरला, त्यांना या स्वरांतून मिळणारे समाधान मोठे आहे. परंतु साठी ओलांडली की प्रत्येकाच्या कानाला टाळमृदंगच हवा असतो, हा समज आपण कोणालाही न विचारता करून घेतलेला असतो. आज पंच्याहत्तरीत असलेला माणूस १९७०च्या आसपास ऐन तारुण्यात होता. त्या वयात त्याला कोणत्या आवाजाने वेड लावले होते, हे त्याच्या मुलांनाही ठाऊक नसते. कधी तो आवाज एखाद्या इलेक्ट्रिक गिटारचा असतो, आणि ती वाजवणाऱ्या बँडचे नाव आज कोणाच्याही लक्षात नसते.

मागील अंकात आपण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना संध्याकाळी येणाऱ्या अस्वस्थतेविषयी बोललो होतो. आजचा विषय त्यालाच लागून आहे, मात्र तो केवळ रुग्णांचा नाही. ज्यांची स्मरणशक्ती आज शाबूत आहे, त्यांनीही तो आपलाच समजावा, अशी विनंती आहे.

चांगले काय ते दुसऱ्याने ठरवायचे आणि ऐकायचे मात्र आपण, हा प्रयोग आपल्या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना अतिशय आस्था होती आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ दिसेनाशी झाली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि घराघरांत पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू वाईट नव्हता. आपण आजोबांच्या उशाशी भजनांची यादी लावून देतो, तेव्हा आपलाही नसतो. फरक इतकाच की रेडिओच्या श्रोत्याला सुई फिरवता येत होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ती फिरवता येत नाही.

माणकोली नाक्यावरून अंजूरफाट्याकडे जाताना लागणारे दापोडे आज गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. कंटेनरची रांग रात्रीही थांबत नाही. आज जिथे पत्र्याच्या उंच छपरांखाली देशभरचा माल साठवला जातो, तिथे पूर्वी भाताची खाचरे होती, हे सांगणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. या गावातील एका घराची हकिकत नाव न घेता सांगावीशी वाटते.

या घरातील आजोबा तरुणपणी दोन वर्षे मुंबईच्या महाविद्यालयात जात होते. पहाटे निघायचे, कशेळीच्या पुलावरून एस.टी.ने ठाणे गाठायचे आणि पुढे लोकल. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्यांनी चार मुलांचा एक इंग्रजी गाणी वाजवणारा बँड ऐकला आणि ते त्याच्या पार प्रेमात पडले. तो बँड जिथे वाजेल तिथे ते जात. त्यासाठी शेवटची एस.टी. चुकली की ठाण्याच्या फलाटावर रात्र काढत. पुढे वडील वारले, शिक्षण सुटले. घरची शेती आणि भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यातील पाळी यांत आयुष्य गेले. गावात त्या बँडविषयी बोलायचे तरी कोणाशी? लग्नाच्या मांडवात धवला गाणाऱ्या बायका होत्या, सप्ताहात भजन होते, होळीला नाचाची गाणी होती. इंग्रजी गाण्याचे हे खूळ त्यांनी मनाशीच ठेवले. पत्नीलाही ते कधी नीट उमगले नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंश जडला. रोज दिवेलागणीला ते उठून दाराशी जात आणि ‘गाडी चुकेल’ एवढेच म्हणत. घरच्यांनी हरिपाठ लावला तर मोबाइल दूर सारत. त्यांचे सारे काही करणाऱ्या सूनबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. खाटेच्या कडेवर ते बोटांनी एकच ठेका धरतात, आणि तो भजनाचा नाही. त्यांनी चुलत सासऱ्यांना विचारले. काका हसून म्हणाले, “अगं, ते त्याचं जुनं बँडचं वेड. आम्ही सगळे त्याला चिडवायचो.” बँडचे नाव मात्र काकांना आठवेना. आजोबांना विचारले तर ते प्रत्येक वेळी निराळेच काहीतरी सांगत.

हे सारे वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. भिवंडी तालुक्यातील आगरी शेतकरी कुटुंबातला मुलगा आणि इंग्रजी बँड? परंतु त्या काळची मुंबई आठवून पाहा. साठच्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या महाविद्यालयांत अशा बँडचे पेवच फुटले होते. त्यांना ‘बीट ग्रुप’ म्हणत. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ही मुले ऐकून ऐकून बसवीत. गाण्याचे शब्द मिळत नसत, स्वरलेखन मिळत नसे. रेडिओ सिलोन आणि कोणाच्या तरी नातलगाने परदेशातून आणलेली एखादी तबकडी एवढीच त्यांची शाळा. ‘सिमला’ या सिगारेटच्या जाहिरातीसाठी इंपिरियल टोबॅको कंपनी ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा भरवीत असे. देशभरातील बँड तिच्यात उतरत. १९७० आणि १९७१ या वर्षांच्या स्पर्धकांच्या दोन तबकड्याही निघाल्या. १९७१ सालीच लोणावळ्याजवळच्या मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा मोठा उत्सव झाला आणि तरुण मुले उघड्या माळावर असे संगीत ऐकायला जमली.

या जगात मराठी घरांतली मुलेही होती. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे यांचे नाव आपल्यापैकी नाटकप्रेमींना आठवत असेल. ‘वेल्वेट फॉग’ नावाच्या बँडमध्ये ते गात. १९७४ साली अलेक पदमसी यांनी मुंबईत सादर केलेल्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडास उभा केला. चारच वर्षांनी जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये ते मराठी रंगभूमीवर गाजले. २०१४ साली ते गेले, तेव्हा ‘तमाशा’ची आठवण अनेकांनी काढली. ‘वेल्वेट फॉग’ची आठवण असलेली माणसे त्या मानाने थोडी.

निदान त्यांचे नाव तरी टिकले. ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या बँडची ‘ऑब्सेशन ७७’ ही तबकडी १९८१ साली, बँड विखुरल्यानंतर बाजारात आली आणि फारशी कोणाच्या नजरेत न भरता विस्मृतीत गेली. सुमारे तीस वर्षांनी एका अमेरिकी कंपनीने ती नव्याने काढली, आणि आज जगभरचे संग्राहक मूळ प्रत शोधत असतात. परंतु बहुतेक बँडच्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही. ते वाजले, टाळ्या मिळाल्या, मुलांना नोकऱ्या लागल्या, गिटार विकली गेली. त्यांचे ध्वनिमुद्रण कुठेच नाही. समोर बसून ऐकणाऱ्या शे-दोनशे मुलांच्या डोक्यात काय राहिले असेल, तेवढेच.

आता आरोग्याच्या मुद्द्याकडे येऊ. अशा अनोळखी बँडचे प्रेम वृद्धापकाळात इतके मोलाचे का ठरावे? यामागे दोन गोष्टी आहेत.

पहिली परिचयाची आहे. माणसाला आयुष्यातील कोणता काळ सर्वांत अधिक आठवतो, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. साधारणपणे वयाच्या दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी इतर काळाच्या मानाने दाट असतात. आवडत्या गाण्यांच्या बाबतीतही असेच दिसते. त्या वयात मनात ठसलेला सूर पुढे कितीही ऐकले तरी पुसला जात नाही. २०१५ साली जर्मनीतील संशोधकांनी केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की दीर्घकाळ परिचित असलेले संगीत ओळखताना मेंदूचे जे भाग कामाला येतात, ते अल्झायमरच्या आजारात इतर भागांच्या मानाने उशिरापर्यंत शाबूत राहतात. मुलाचे नाव विसरलेला माणूस गाण्याची पुढची ओळ बरोबर उचलतो, यामागे हे एक कारण असू शकते.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. एकाच खुणेला जितक्या अधिक आठवणी बांधलेल्या असतात, तितकी त्यांतली नेमकी एक आठवण वर आणण्याची तिची ताकद कमी होते. स्मृतीच्या अभ्यासकांनी हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. लता मंगेशकर यांचे एखादे अतिशय लोकप्रिय गाणे घ्या. ते आपण लग्नात ऐकले, रिक्षात ऐकले, गणपतीत ऐकले, जाहिरातीत ऐकले. ते ऐकून आनंद होतो, पण त्यातून कोणता दिवस आठवावा? याउलट कोणालाच ठाऊक नसलेल्या बँडचा सूर पुन्हा कुठे कानावर पडलेलाच नसतो. तो त्या एकाच सभागृहाला, त्या एकाच पावसाळ्याला, शेजारी बसलेल्या त्या एकाच मित्राला बांधलेला राहतो. जगाने त्या बँडकडे दुर्लक्ष केले म्हणूनच ती आठवण इतकी कोरी राहिली, असे म्हटले तरी चालेल.

प्रत्येकाला त्याचे स्वतःचे संगीत दिले तर काय घडते, हे पाहणारा एक नेटका प्रयोग लिंडा गर्डनर या परिचारिका-संशोधिकेने २००० साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या सहा निवासी शुश्रूषा केंद्रांतील ३९ वृद्ध त्यात होते. सर्वांना अल्झायमर किंवा तत्सम आजार होता. काही आठवडे त्यांना मन शांत करणारे म्हणून ओळखले जाणारे पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकवण्यात आले, आणि काही आठवडे ज्याचे त्याचे स्वतःच्या आवडीचे संगीत. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी ३० मिनिटे. स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकताना आणि ऐकून झाल्यावर अस्वस्थता अधिक प्रमाणात कमी झाली. तज्ज्ञांनी ‘शांत’ ठरवलेले संगीत त्या तुलनेत मागे पडले. तेव्हा ‘या वयात असले धांगडधिंग्याचे गाणे नको, डोके भणभणेल’ असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. ज्याच्या तारुण्यात तोच धांगडधिंगा होता, त्याला त्यातच विसावा मिळू शकतो.

दापोड्याच्या घरात पुढे काय झाले, ते सांगतो. बँडचे ध्वनिमुद्रण मिळण्याची शक्यताच नव्हती. मग सूनबाईंनी चतुराई केली. त्या काळचे बँड काय काय वाजवीत, याची त्यांनी माहिती काढली. इंग्लंडच्या ‘शॅडोज’ या बँडची १९६० सालची ‘अपाचे’ ही केवळ गिटारवर वाजणारी धून त्या काळी बहुतेक नवशिके बँड बसवीत असत. एका संध्याकाळी, आजोबा दाराशी जाण्याच्या वेळेआधी अर्धा तास, त्यांनी ती हळू आवाजात लावली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. आजोबांना बँडचे नाव आठवले नाही, सुनेचेही नाही. ते खाटेवर बसून राहिले, पाय हलू लागला, आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “ड्रमवर कोण आहे?” त्या दिवशी ते दाराशी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बसले. आठवड्यातून चार-पाच संध्याकाळी सुखाच्या जाव्यात, हेही अशा घरात फार मोठे असते. रात्री झोपायला मिळालेल्या सूनबाईंना विचारा.

मुलाला मात्र हे प्रथम पसंत पडले नाही. शेजारपाजारचे काय म्हणतील, वडिलांच्या खोलीतून हरिपाठाऐवजी इंग्रजी गाणी, असे त्याला वाटले. त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. आपले वडील आपल्याला पूर्ण ठाऊक आहेत, हा विश्वास ढासळला की माणूस गोंधळतो.

आणि हे गोंधळणे दोन्ही बाजूंनी असते. आपल्या आवडीत कोणीच सहभागी नाही, याची सवय झालेली वृद्ध माणसे ती आवड लपवतात. ‘बाबा, तुम्हाला काय ऐकायचे?’ असे विचारले तर ‘लाव काहीही’ असे उत्तर येते. त्याचा अर्थ काहीही चालेल असा नसतो. मी सांगितले तर तुम्ही हसाल, असा असतो. एखादी गोष्ट जिवापाड आवडावी आणि ती आवडणारे दुसरे कोणी आसपास नसावे, हा एकटेपणा तरुणपणी मिरवता येतो. उतारवयात तो लाजिरवाणा वाटू लागतो. म्हणून विचारण्याची रीत बदलावी. ‘तुम्हाला कोणते गाणे आवडते?’ याऐवजी ‘तुम्ही अठरा वर्षांचे असताना गाणे ऐकायला कुठे जायचात? कोणाबरोबर?’ असे विचारावे. माणसाला जागा आणि सोबती आधी आठवतात, गाणे त्यांच्यामागून येते. धाकट्या भावंडांना, जुन्या मित्रांना विचारावे. माळ्यावरच्या ट्रंकेत कॅसेट असतील तर त्यांवरची शाईतली अक्षरे वाचावीत. जे बोलू शकत नाहीत, त्यांची बोटे, पाय आणि श्वास यांवर लक्ष ठेवावे.

आजींच्या बाबतीत हा शोध आणखी अवघड असतो. त्या पिढीतील कितीजणींना एखाद्या कार्यक्रमाला एकटीने जाण्याची मुभा होती? त्यांचा ‘बँड’ अनेकदा रेडिओवरचा असतो, किंवा माहेरच्या आळीतल्या चार बायकांचा. आगरी लग्नांत विधी लावणाऱ्या धवलारणींचे गाणे ज्यांच्या कानात आहे, त्यांना सासरच्या गावचा धवलाही परका वाटू शकतो, कारण चालीत फरक असतो. माहेरच्या एखाद्या जुन्या बाईने मोबाइलवर दोन कडवी म्हणून पाठवली, तर ती कोणत्याही विकत मिळणाऱ्या गाण्यापेक्षा कामाची ठरतील.

आता कानांविषयी, कारण भिवंडी परिसरात हा विषय टाळून चालणार नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात ज्यांनी वीस-तीस वर्षे काढली, त्यांचे कान त्या खडखडाटाने दुखावलेले असतात. मोठ्या आवाजाने होणारे नुकसान प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांत दिसते, आणि वयोमानाने येणारा बहिरेपणाही उंच स्वरांपासूनच सुरू होतो. दोन्हींची भर पडली की अशा माणसाला ढोल आणि बेस गिटार ऐकू येते, पण झांज आणि गाण्याचे शब्द हरवतात. घरचे मग आवाज वाढवतात. इथेच घोटाळा होतो. अशा कानांना हळू आवाज मुळीच ऐकू येत नाही आणि थोडा मोठा केला की तो एकदम असह्य होतो. मधला पट्टा अरुंद झालेला असतो. म्हणून आवाज वाढवण्याऐवजी स्पीकर जवळ आणावा, पंखा आणि टीव्ही बंद करावा, रस्त्याच्या बाजूची खिडकी लावून घ्यावी. हेडफोन वापरायचा असेल तर मोबाइलचा आवाज कमाल पातळीच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांहून अधिक नको, अशी मर्यादा सांगितली आहे. आधीच अधू असलेल्या कानांनी त्याच्या बरेच आत राहावे.

श्रवणयंत्र लावणाऱ्यांची एक तक्रार असते की त्यातून गाणे बेसूर लागते. तक्रार खरी आहे. ही यंत्रे मुख्यतः बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून जुळवलेली असतात आणि वाद्यांच्या आवाजाला ती कधी कधी गोंगाट समजून दाबतात. अनेक यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळवणी करता येते. पुढच्या भेटीत श्रवणतज्ज्ञांना तसे स्पष्टपणे सांगावे.

आणखी एक लहान पण त्रासदायक गोष्ट. मोबाइलवर फुकट गाणी लावली की मध्येच जाहिरात किंचाळते. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला ती कोण बोलते, कोणाला बोलते, हे कळत नाही आणि शांत झालेला माणूस दचकतो. गाणी आधीच उतरवून घ्यावीत किंवा पेन ड्राइव्हवर भरून घ्यावीत. एका बैठकीला अर्धा तास पुरे. दिवसभर गाणे चालू ठेवले तर तोच सूर भिंतीवरच्या घड्याळासारखा होतो, असून नसल्यासारखा.

संगीत हे औषध नाही आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्याच्या भरवशावर बंद करू नयेत. अचानक वाढलेल्या अस्वस्थतेमागे लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणे किंवा नवे औषधही असू शकते. ते आधी तपासून घ्यावे. शिवाय प्रत्येक जुने गाणे सुखाचेच असते असे नाही. एखादा सूर हरवलेल्या भावाची किंवा मोडलेल्या लग्नाची आठवण घेऊन येतो. डोळ्यांत पाणी आले म्हणजे गाणे लगेच थांबवावे असे नाही; काही अश्रू माणसाला हलके करतात. परंतु चेहरा आक्रसला, श्वास भरभर चालू लागला, हात झटकले गेले, तर ते गाणे यादीतून काढून टाकावे.

यादी हा शब्द मुद्दाम वापरला. ज्या वाचकांची स्मरणशक्ती आज उत्तम आहे, त्यांना सांगणे आहे की ही यादी आपण स्वतः, आपल्या हाताने करावी. लोकप्रिय गाणी लिहिली नाहीत तरी चालेल. ती मुलांना सुचतीलच. जे कोणालाही सुचणार नाही ते आधी लिहावे. त्या बँडचे नाव, ते कोणत्या वर्षी कुठे ऐकले, तो दुसऱ्या कोणाची गाणी वाजवीत असे, गावात कोणती बेंजो पार्टी विशेष आवडत असे, रेडिओवर कोणत्या वेळी काय लागत असे. ध्वनिमुद्रण नसेल तर स्वतः गुणगुणून किंवा टेबलावर ठेका धरून मोबाइलवर साठवून ठेवावे. आठ-दहा गाणी पुरेत. शेवटी एका ओळीत ‘हे मात्र लावू नका’ असेही लिहावे. हा कागद ज्या फाइलमध्ये आपला रक्तगट, चालू औषधे आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे हे लिहिलेले असते, त्याच फाइलमध्ये लावावा, आणि रात्रपाळीला येणाऱ्या मदतनीस बाईंना किंवा भाऊंना तो दाखवून ठेवावा.